लाल ठिपक्याचा ट्रान्झिस्टर

लुंबिनी : अप्पा, माझ्या पेडलला हात कुणी लावला? खरं सांगा.

पंढरी : मीच लावला. दुसरं कोन लावनार? तुझ्या आईला तर ती साबनाची डबी वाटती.

सुमनबाई : मला मधी ओढू नका. मी चिंचा फोडून राहिले.

लुंबिनी : काय केलं तुम्ही त्याला?

पंढरी : दुरुस्त केलं. सकाळी तू बाहेर गेलतीस, तवा खोललं. आवाज फाटत व्हता तुझा. एक ट्रान्झिस्टर गळका निघाला, तो बदलला, दोन टाके नव्यानं मारले. आता वाजवून बघ, पान्यासारखा साफ येतो का न्हाई.

लुंबिनी : वाजवून बघितलं, म्हणूनच विचारून राहिले. आई, जरा पंखा बंद कर ना. त्याच्या घरघरीत काही कळेना मला, नेमकं काय बिघडवलं ते.

सुमनबाई : बाई, चव्वेचाळीस डिग्री हाय बाहेर. ह्या घरात एप्रिल महिन्यात पंखा बंद व्हत न्हाई. कुनी गेलं तरच व्हईल, आन् मी एवढ्यात जानार न्हाई.

पंढरी : आन् बिघडवलं म्हनजे काय? पस्तीस वरीस बिलोलीच्या स्टँडपशी रेडिओ-टेपचं दुकान चालवलं मी. लोक म्हनायचे, पंढरीच्या हातून गेलेला रेडिओ पुन्ना घुंघुं करत न्हाई.

लुंबिनी : अप्पा, रेडिओ नाही हा. गिटारची वायर ह्यात घालायची, पायानं खटका दाबायचा, की आवाज फाटतो. त्यासाठीच असतं हे पेडल. आवाज फाटायलाच पाहिजे.

पंढरी : मुद्दाम?

लुंबिनी : हाव.

पंढरी : चांगल्या आवाजाला मुद्दाम फाडायचं. आन् असली डबी दुकानात मिळती?

लुंबिनी : मिळते. पण दुकानातली सगळ्यांसारखी वाजते. मला माझा आवाज पाहिजे होता. म्हणून जुनं पेडल आणलं, सहा महिने बँकेतून आले की खोलून बसायचे. तुम्हीच तर विचारायचे, काय करून राहिली म्हणून. तुमच्या पत्र्याच्या डब्यातले जुने जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर एकेक करून लावून बघितले. सत्तेचाळीस लावले. त्यातला एक सापडला मनासारखा.

पंढरी : लाल ठिपक्याचा.

लुंबिनी : तुम्हाला कसं मालूम?

पंढरी : तो ठिपका मीच दिलाय. तुझ्या आईच्या नेलपालिशचा. लाल ठिपका म्हनजे खराब माल, पुन्ना मशीनीत घालायचा न्हाई. सेहेचाळीस चांगले सोडून नेमका खराब उचललास. सकाळी डबी खोलली आन् तो ठिपका दिसला, तर आधी तोच काढला.

सुमनबाई : थांबा थांबा. माझं नेलपालिश?

पंढरी : थेंबभर लागायचं गं.

सुमनबाई : वरसातनं एकदा जयंतीला लावायचे मी, आन् बाटली अर्धी. मी समजले तुमची बहीन लावती. दोन वरीस तिच्याशी नीट बोलले न्हाई.

लुंबिनी : आई, ते नंतर. अप्पा, तो ट्रान्झिस्टर कुठाय? फेकला का? फेकला असेल तर आत्ताच सांगा, मी बसून रडते. पाच वाजता आमच्या ग्रुपातल्या शिवांगीची गाडी येणार हाय, उद्या लातूरला जयंतीचा कार्यक्रम. चार हजार लोक म्हणून राहिले. आमच्या ग्रुपला पहिल्यांदा कुणी एवढ्या मोठ्या स्टेजवर बोलावलं.

पंढरी : फेकला? मी फेकीन? गिऱ्हाइकाच्या मशीनीतून काढलेला माल मी कधी फेकला न्हाई, कधी ठेवून घेतला न्हाई. पुडीत बांधायचा, वर नाव टाकायचं, रेडिओसंगं हातात द्यायचा. बघा बापू, हे तुमचं निघालं. मानसाला तसल्ली असती, मेकॅनिकनं फसवलं न्हाई म्हनून. तुझाबी पुडीत हाय. गिटारच्या पिशवीला बाहेरून खिसा हाय ना, त्यात.

लुंबिनी : असं आधी सांगायचं ना. टाके मारायची कावी तापत घालते. अर्ध्या तासात बसवते परत.

पंढरी : न्हाई बसवायचा.

लुंबिनी : अप्पा.

पंढरी : लुंबे, ऐक माझं. तो गळका हाय. थंड हाय तवर जरासा फाटंल. ऊन लागलं की पाझरतो. मंग आवाज बोबडा व्हतो, मंग घसा धरल्यावानी व्हतो, आन् मंग गप. उद्या चार वाजता मैदानात कनातीखाली हात ठेववनार न्हाई अशी गरमी ऱ्हाईल. चार हजार मानसं म्होरं, आन् तू नुसती हात हालवत बसशील. हसतील लोक. लोक लई हसतेत, तुला मालूम न्हाई.

लुंबिनी : हसू द्या.

पंढरी : न्हाई. माझ्या डब्यातल्या मालानं न्हाई. दुसरं काहीबी घाल, हा न्हाई.

सुमनबाई : एवढं कामून चिडून राहिले? लेकरू हौसेनं करून राहिलं.

लुंबिनी : सापडली पुडी. अप्पा, ही तर तीच जुनी पुडी हाय. ह्याच कागदातून काढला होता मी. तुम्ही परत त्यातच बांधला?

पंढरी : त्याची पुडी तीच हाय.

लुंबिनी : मला तेव्हाच विचारायचं होतं, राहून गेलं. बाकीचे सगळे डब्यात सुटे पडले होते. हा एकटाच पुडीत. आणि वर आईचं नाव.

सुमनबाई : माझं? दे इकडं.

पंढरी : तुझ्या चिंचा ऱ्हायल्या.

सुमनबाई : चिंचा कुटं पळून न्हाई चालल्या. चष्मा दे गं तो. सुमन. चौदा, चार, एक्क्यान्नव. द्यायचा. अक्षर तर तुमचंच हाय. चौदा एप्रिल एक्क्यान्नव. शताब्दीची जयंती. त्या दिशी मी गायले व्हते.

लुंबिनी : आपल्या घरात तुझ्या गाण्याची कॅसेट हाय, ती त्याच दिवशीची?

सुमनबाई : तीच. गेल्या साली मी ती भंगारात टाकून राहिले व्हते, तू हातातून वढून घेतलीस. तुझा दादा अश्वजित तवा पहिलीत गेला व्हता. आमच्या घरातून शाळंत गेलेलं पहिलं लेकरू. तर मी एक ओवी जुळवली, जात्यावर म्हनायचे. बायकांनी ऐकली आन् जयंतीला मला पुढं ढकललं. गावात माईक यांचाच व्हता. यांनी मशीन हैदराबादहून सेकंडहँड आनलेलं, त्याची मिजास काय सांगू. नवरा माईकवाला आन् बायको गानारी, लई नटले व्हते मी. पहिली ओळ बरी गेली. दुसरीला कर्न्यातून असा आवाज निघाला, पत्रा फाडावा तसा. सगळी हसली. पारूबाई तर म्हनली, सुमन, तुझं गानं जात्यापशीच बरं गं.

लुंबिनी : म्हणून तू परत कधी नाही गायलीस?

सुमनबाई : कशी गानार? मला वाटलं माझा गळाच तसा हाय. घरात गोड लागतो आन् मोठा केला की फाटतो. माईकला नाव ठेवलं असतं तर बायकाच म्हनल्या असत्या, नाचता येईना अंगन वाकडं. गप बसले. पन ह्या पुडीवर माझं नाव कामून? अश्वजितचे अप्पा, मी तुमाला विचारून राहिले.

पंढरी : गळा न्हाई फाटला तुझा.

सुमनबाई : मंग?

पंढरी : हा फाटला. मशीन दुपारपासून उन्हात व्हतं. पत्र्याच्या पेटीवर ठेवलं व्हतं मी, सावली बघितली न्हाई. हा तापला, पाझरला, आन् नेमका तुझ्या दुसऱ्या ओळीला गेला. मला तवाच कळलं. बटनापशी बसलो व्हतो, हाताखाली कळतं मेकॅनिकला.

सुमनबाई : तवाच कळलं?

पंढरी : हाव.

सुमनबाई : आन् बोलले न्हाई.

पंढरी : न्हाई बोललो. मशीन नुकतंच आनलं व्हतं. खराब म्हनलो असतो तर दुसऱ्या दिशी पंचक्रोशीत झालं असतं, पंढरीचा माईक बोगस. म्हनलो झाकली मूठ. दोन मिनिटांत विसरतील लोक, असं वाटलं. लोक विसरलेबी. तू न्हाई विसरलीस.

लुंबिनी : अप्पा.

पंढरी : सांगू दे मला. सांजच्याला मशीन खोललं, हा निघाला. ठिपका दिला, पुडी बांधली, सुमन लिहिलं, द्यायचा लिहिलं. घरी आलो. तू चुलीपशी बसलेली, तरीबी भाकरी चांगली फुगलेली ताटात वाढलीस. माझा हात खिशातून बाहेर निघाला न्हाई. म्हनलो उद्या देऊ.

सुमनबाई : चौतीस वरीस झाले.

पंढरी : हाव.

सुमनबाई : गावातल्या समद्यांना दोन दिवसांत पुडी. सिद्धरामला पुडी, गुरुपादप्पाला पुडी, त्या उमरीवाल्या मास्तराला सायकलवर जाऊन पुडी देऊन आले. आन् मला चौतीस वरीस. मी मला बेसूर समजत बसले. लेकराच्या बारशात बायका म्हनायच्या, सुमन एक पाळना म्हन, तर मी पानी आनायला उठायचे. तुमाला दिसत न्हवतं?

पंढरी : दिसत व्हतं. रोज दिसत व्हतं. गलती माझी हाय, सुमन. मशीनीची न्हाई, माझीच.

लुंबिनी : आई, रडू नकोस ना.

सुमनबाई : रडून न्हाई राहिले. चिंचेचा हात लागला डोळ्याला.

पंढरी : तू मिक्सर लावून गातीस, ते मला मालूम हाय.

सुमनबाई : काय मालूम हाय?

पंढरी : बिलोलीच्या घरात पहिला मिक्सर आनला तवापासून. मिक्सर चालू झाला की तू चालू. तो बंद की तू बंद. आपल्या घरी शेंगदान्याचं कूट पिठावानी बारीक असायचं, कुनाच्या घरी नसंल तसं.

लुंबिनी : अगं माय. म्हणून ते कूट दातातच लागायचं नाही?

पंढरी : साडेबाराला दुकानाचं शटर अर्धं पाडून घरी यायचो मी. जेवायला कोन येतंय साडेबाराला? दाराच्या अलीकडं चप्पल काढून उभं ऱ्हायचो. मिक्सर थांबला की मंग कडी वाजवायचो.

सुमनबाई : तुमाला तर भूक लागायची म्हनायचात.

पंढरी : लागायची ना. तसंच म्हनायला लागायचं.

सुमनबाई : किती वरीस?

पंढरी : दुकान बंद केलं तवर.

सुमनबाई : लबाड मानूस. लई लबाड मानूस हाय तुझा बाप, लुंबे. आन् मी वाढायची गडबड करायचे, भुकेला आलाय म्हनून.

लुंबिनी : मी आता माझं सांगू का? दोघं ऐकाल?

सुमनबाई : सांग. आज समद्यांनी सांगूनच घ्या.

लुंबिनी : आई, तू अंगणवाडीत जायचीस तेव्हा मी ती कॅसेट लावायचे. रोज. दुसऱ्या ओळीला आवाज फाटायचा ना, तिथं माझ्या अंगावर काटा यायचा. लोक हसलेले तर त्यात ऐकूच येत नाहीत. मला वाटायचं, माझ्या आईचा आवाज एवढा मोठा हाय की मशीनीत मावला नाही. शाळेतबी सांगायचे मी पोरींना.

सुमनबाई : काय सांगायचीस?

लुंबिनी : हेच. मावला नाही म्हणून. मग पुढं गिटार घेतली, तर कुठलंबी पेडल लावलं तरी तो आवाज येईना. लोकांचे आवाज यायचे, तुझा नाही. म्हणून ते सत्तेचाळीस ट्रान्झिस्टर. एकेक लावायचे, कॅसेट ऐकायचे, परत वाजवायचे. हा लावला त्या दिवशी मी खुर्चीवरून उठले. तूच वाजून राहिली होतीस, आई. मला काय माहीत, हा तोच हाय म्हणून.

पंढरी : कान हाय पोरीला.

लुंबिनी : आणि उद्या लातूरला काय वाजवणार मालूम हाय? तुझी ओवी. शब्द नाहीत, नुसती गिटार. शिवांगी म्हणाली, शेवटाला हीच ठेवू.

सुमनबाई : मला विचारलं न्हाईस?

लुंबिनी : विचारलं असतं तर नको म्हणाली असतीस.

सुमनबाई : म्हनलेच असते.

पंढरी : सुमन, हात म्होरं कर.

सुमनबाई : कामून?

पंढरी : कर तर. बघ बाई, हे तुझं निघालं. तुझा माल तुला. उशीर झाला.

सुमनबाई : एवढासाच व्हय? हरभऱ्याच्या घाट्याएवढा. एवढ्याशानं माझा गळा बंद केला.

पंढरी : त्यानं न्हाई, मी केला.

सुमनबाई : ते मी विसरनार न्हाई. आज रातच्याला तुमचं तुमी वाढून घ्या, सांगून ठेवते. बरं, हा आता माझा माल हाय ना?

पंढरी : तुझाच.

सुमनबाई : मंग मी सांगन ते व्हईल. लावा ह्याला तिच्या डबीत. तुमच्या हातानं.

पंढरी : हात कापतेत आता माझे.

लुंबिनी : सकाळी माझं पेडल खोलताना नाही कापले.

पंढरी : तवा मी दुरुस्त करून राहिलो व्हतो. हे बिघडवायचं काम हाय, सवय न्हाई. आन ती कावी इकडं. पाय कापले न्हाईत मी त्याचे, जपून काढला व्हता. दोन्ही टाकेबी पहिल्यासारखे करावे लागतील. पन लुंबे, उन्हाचं काय? ते मी खोटं न्हाई बोललो. चार वाजता तो गप बसंल म्हनजे बसंल.

लुंबिनी : मी बर्फाचा डबा नेणार होते.

पंढरी : बर्फानं घाम सुटतो, पानी आत जातंय. ओली वीट पाहिजे. भट्टीतली चांगली भाजलेली वीट रातभर पान्यात ठेवायची, वर प्लास्टिक, त्यावर तुझी डबी. वरून ओल्या धडप्याची सावली. अर्ध्या घंट्याला वीट बदलायची. तवाबी मला हे मालूम व्हतं. तवा आळस केला.

लुंबिनी : स्टेजवर विटा कोण बदलणार?

पंढरी : मी. मशीनवाला मशीनपशीच बसतो.

लुंबिनी : चार हजार लोकांसमोर? तुम्ही तर जयंतीत मंडपाच्या पार मागं उभे राहता.

पंढरी : आता बसीन म्होरं. हसले तर मला हसतील, म्हातारा विटा सांभाळतोय म्हनून. हसू दे.

सुमनबाई : गाडीत चार विटा, दोन मानसं, गिटार. मी कुटं बसू?

लुंबिनी : तू येणार?

सुमनबाई : माझा माल चाललाय, मी घरी बसू व्हय?

पंढरी : पकड गं हे पेडल घट्ट, हालवू नको. एक. दोन. हा तिसरा पाय. आता थंड हू दे. फुंकायचं न्हाई, फुंकलं की टाका कच्चा ऱ्हातो.

सुमनबाई : हात तर कुटं कापून न्हाई राहिले.

पंढरी : तू बघून राहिलीस म्हनून. घे, लाव वायर. आता सांग, किती फाटायला पाहिजे? हे बटन फिरवलं की कमी-जास्त व्हईल. माईकवाला हाय मी, म्हनशील तेवढं देतो.

लुंबिनी : आहे तेवढंच राहू द्या. ऐका हं.

(लुंबिनी खटका पायानं दाबते आणि ओवीच्या दोन ओळी गिटारवर वाजवते. दुसऱ्या ओळीला आवाज फाटतो.)

पंढरी : तीच हाय. सुमन, हे तूच हायस.

सुमनबाई : असा वाटत व्हता व्हय माझा आवाज?

लुंबिनी : असाच. शाळंच्या पायरीला लेकराचा पाय गं, खडूच्या धुळीमंदी उजळली माय गं. इथपर्यंत मला येतं. पुढची ओळ टेपनं खाल्ली हाय, फीत चुरगळली तिथं. सहा महिने अंदाजानं वाजवून राहिले. तिसऱ्या ओळीला चाल खाली जाते का वर?

सुमनबाई : वर.

लुंबिनी : अशी?

सुमनबाई : तशी न्हाई. अजून वर. गेली की थोडी थांबती, मंग हळू उतरती.

लुंबिनी : मला जमेना. म्हणून दाखव ना.

सुमनबाई : आता? हितं?

लुंबिनी : आपण तिघंच आहोत.

पंढरी : मिक्सर लावू का?

सुमनबाई : गप बसा तुमी. मिक्सर नको. लुंबे, ऊठ, पंखा बंद कर.